रस्त्याने नेपाळला जाताय? बॉर्डर, कागदपत्रं आणि घाटातला रस्ता, आधी हे वाचून घ्या

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, रस्त्याने गेलं तर पासपोर्टचीही सक्ती नाही, हे सगळ्यांना माहिती असतं आणि नेमकं त्यामुळेच लोक शिर्डीला निघाल्यासारखे निघतात. खिशात आधार कार्ड, पाचशेच्या नोटांचं बंडल, फोन आहेच, झालं. बॉर्डरवर बऱ्याचदा कोणी काही विचारत पण नाही, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. प्रॉब्लेम येतो तो पुढे, म्हणजे मुक्तिनाथच्या वाटेवर उंचावरच्या जोमसोममध्ये कोणाचा तरी श्वास लागतो तेव्हा, किंवा काठमांडूहून अर्जंट विमानाने परत यायची वेळ येते तेव्हा, किंवा रस्ता बंद पडून तीन दिवस अडकायला होतं तेव्हा. १९५० च्या करारामुळे भारत-नेपाळ बॉर्डर उघडी आहे, साधारण १,७५१ किलोमीटर लांब आहे, पण उघडी म्हणजे आपल्याला कोणी अडवत नाही एवढंच. पलीकडे पाऊल टाकलं की पोलीस दुसरे, कायदा दुसरा, सिमकार्ड चालत नाही, गाडीचा विमा चालत नाही. तो दुसरा देश आहे हे डोक्यात ठेवून तयारी केली की ट्रिप खरंच छान होते.

मी इथे मुख्यतः गोरखपूर-सोनौली रूटबद्दल लिहितेय, कारण आपल्याकडचे बहुतेक लोक तिथूनच जातात. कुशीनगर एक्सप्रेस किंवा काशी एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बस नाहीतर जीपने सोनौली, पलीकडे भैरहवा, मग लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू. रक्सौल-बीरगंज, रुपईडिहा-नेपाळगंज, उत्तराखंडातून बनबसा आणि बंगालमधून पानीटंकी-काकरभिट्टा असे बाकीचे पण रस्ते आहेत, पण नियम सगळीकडे तेच.

कागदपत्रं

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी दोनच पक्की कागदपत्रं आहेत, पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड मोठ्या माणसांना चालत नाही. परत सांगते, चालत नाही. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ च्या पुढचे ज्येष्ठ यांना आधार चालतं अशी सवलत आहे, आणि ती ऐकूनच गोंधळ होतो, कारण ग्रुपमधल्या सत्तरीच्या आजींचं आधारवर काम झालेलं असतं आणि मग अठ्ठावन्न वर्षांचे काका म्हणतात माझं पण होईल. आमच्या ग्रुपमध्ये असेच एक काका होते, सोनौलीला त्यांना कोणी विचारलंच नाही, आरामात गेले. पुढे काठमांडूत त्यांची शुगर बिघडली आणि घरच्यांनी ठरवलं की विमानाने परत आणू, तेव्हा एअरपोर्टवर आधार दाखवून काही होईना. मग मुलाने त्यांचं मतदार कार्ड घरातून शोधून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलं, तोपर्यंत काका हॉटेलवर पडून. म्हणून बॉर्डरवर विचारत नाहीत हा मुद्दाच नाही, कागद हा परतीसाठी आणि अडचणीसाठी असतो.

१५ ते १८ वयाची मुलं ही मधली अडचण आहे, त्यांच्याकडे मतदार कार्ड नसतं आणि आधारची सवलतही नाही. पासपोर्ट असेल तर उत्तम, नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरलेल्या नमुन्यातलं ओळखीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते तेव्हा हे आठवून उपयोग नाही, मार्चमध्येच घेऊन ठेवा.

कार्ड ओरिजिनल न्या. मोबाईलमधला फोटो किंवा डिजिलॉकर हे जास्तीचं म्हणून ठेवा, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. दोन झेरॉक्स वेगवेगळ्या बॅगेत, आणि फोटो घरच्या कोणाला तरी व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. मतदार कार्डावर नाव आणि जन्मतारीख वाचता येतेय ना ते पण बघा, जुनी काळी-पांढरी लॅमिनेट केलेली कार्डं इतकी पुसट झालेली असतात की चेहरा ओळखू येत नाही. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे पासपोर्ट आहे त्याने पासपोर्टच न्यावा. रस्त्याने गेलात तर भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, त्यामुळे शिक्का मिळाला नाही म्हणून घाबरू नका.

आता एक गोष्ट ज्यावर कोणी बोलत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जन्मलेला नातू बरोबर असेल, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असेल, तर नेपाळसाठी तो भारतीय नाही. त्याला नेपाळचा व्हिसा लागतो, जो बॉर्डरवर मिळतो, १५ दिवसांचा ३० डॉलर, ३० दिवसांचा ५० डॉलर असे दर आहेत, आणि डॉलर कॅश सुट्टे जवळ ठेवलेले बरे. त्याच्या पासपोर्टवर आधी भारताच्या इमिग्रेशन ऑफिसात बाहेर जायचा शिक्का आणि मग नेपाळच्या ऑफिसात आत यायचा शिक्का असे दोन्ही घ्यावेच लागतात. सोनौलीला भारताचं ऑफिस रस्त्याच्या कडेला आहे आणि गर्दीच्या लोंढ्यात ते सहज मागे पडतं, आपण सगळे गप्पा मारत पुढे जातो आणि पोराचा शिक्का राहून जातो, मग नेपाळवाले परत पाठवतात, किंवा ते चुकून राहिलं तर परतताना मोठा ताप होतो. कोणी परदेशी मित्र भारताच्या ई-व्हिसावर आला असेल तर त्याने आधीच तपासावं की त्या व्हिसावर याच नाक्यावरून भारतात परत येता येतं का, कारण ई-व्हिसाला ठराविक एअरपोर्ट आणि नाकेच चालतात.

पैसे

१०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, रोज बदलत नाही, त्यामुळे कोणी "आज रेट कमी आहे" असं म्हणालं तर सरळ पुढच्या दुकानात जा. थोडं कमिशन कापतात ते चालायचंच. तिथे भारतीय पैशाला आयसी आणि नेपाळी पैशाला एनसी म्हणतात, आणि भाव करताना हे विचारायलाच पाहिजे. रिक्षावाला "पाँच सौ" म्हणाला तर "आयसी की एनसी?" हा पहिला प्रश्न, कारण ५०० एनसी म्हणजे आपले तीनशे बारा रुपये आणि उतरल्यावर तो हमखास आयसी म्हणतो.

नोटांचं नीट समजून घ्या. २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळमध्ये लोकांकडे आणि तिथल्या राष्ट्र बँकेकडे आपल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा अडकून राहिल्या, त्यामुळे तिथल्या माणसाच्या मनात मोठ्या भारतीय नोटेबद्दल अजून भीती आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेपाळने १०० च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदीच घातली होती. २०२५ च्या शेवटी मर्यादित रकमेपुरती यात सूट द्यायची पावलं दोन्हीकडून पडली, पण निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघून घ्या आणि तरीही शंभरच्या नोटाच जास्त न्या. शंभरची नोट कोणीही, कुठेही, पोखऱ्याच्या चहाच्या टपरीवर सुद्धा घेतो. बँकेत निघण्याआधी दोन दिवस सांगून ठेवलं की बंडल देतात.

फोरेक्स कार्ड घेऊ नका, नेपाळ-भूतानसाठी ते चालत नाही, आणि या दोन देशांच्या प्रवासासाठी बँक डॉलर पण देत नाही. डेबिट कार्डाने एटीएममधून नेपाळी पैसे निघतात, फक्त बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करून ठेवा, घरूनच, कारण तिथे ओटीपी आला नाही तर बसा. यूपीआय २०२४ पासून फोनपे नावाच्या नेपाळी क्यूआरवर चालायला लागलंय (आपलं फोनपे वेगळं, ते वेगळं). काठमांडू-पोखऱ्यात हॉटेल, मोठी दुकानं इथे होतं, पण अॅपमध्ये इंटरनॅशनल यूपीआय आधी चालू करावं लागतं आणि सगळ्या बँकांचं होतंच असं नाही. मुक्तिनाथच्या रस्त्यावर मात्र कॅश आणि कॅशच.

फोन

आपलं प्रीपेड सिम सोनौलीच्या पलीकडे थोडं अंतर चालतं आणि मग मरतं. भैरहवाला नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं सिम घ्या, ओळखपत्राची झेरॉक्स आणि एक फोटो लागतो, म्हणून दोन-चार पासपोर्ट साइज फोटो बॅगेत टाकाच. मुस्तांगच्या बाजूला, म्हणजे जोमसोम-मुक्तिनाथला, नेपाळ टेलिकॉमची रेंज जास्त भरवशाची. ग्रुपमध्ये निदान दोघांकडे नेपाळी सिम हवं आणि ते नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेले हवेत. ज्येष्ठांच्या फोनमध्ये सेव्ह करून उपयोग नसतो, फोन बंद पडलेला असतो नाहीतर पर्समध्ये असतो आणि पर्स बसमध्ये असते. कागदाच्या चिठ्ठीवर नाव, हॉटेलचं नाव, ग्रुपच्या दोन माणसांचे नेपाळी नंबर, रक्तगट, चालू असलेली औषधं. पशुपतिनाथाच्या गर्दीत कोणी चुकलं तर हीच चिठ्ठी कामाला येते.

पोलीस १००, ॲम्ब्युलन्स १०२, टुरिस्ट पोलीस ११४४. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे आणि बीरगंजला आपली कॉन्सुलेट आहे. त्यांचे चालू नंबर त्यांच्या वेबसाइटवरून निघायच्या आदल्या दिवशी उतरवून घ्या.

प्रत्यक्ष सोनौली

सोनौलीला पोचलात की आधी दिसते ती ट्रकची रांग, किलोमीटरच्या किलोमीटर. बस अलीकडेच सोडते. तिथून गेटपर्यंत चालत पाच-दहा मिनिटं, सायकल रिक्षावाले मागे लागतात, सामान कमी असेल तर चालतच जा. आपल्या बाजूला एसएसबीचे, म्हणजे सशस्त्र सीमा बलाचे जवान, पलीकडे नेपाळचे सशस्त्र प्रहरी, दोघंही कधी बॅग उघडायला लावतात, कधी नुसता हात हलवतात. विचारलं तर कुठून आलात, कुठे चाललात, किती दिवस, एवढं सरळ सांगा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला त्यानंतर तपासणी कडक झाली होती, असं काही घडलं की पुन्हा होते, तेव्हा कार्ड हातातच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. चौकीचे, जवानांचे फोटो काढू नका. ड्रोन असेल तर घरी ठेवा, नेपाळमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि जप्त होतं.

दुकानांच्या पाट्या देवनागरीतच असतात हा आपला मोठा फायदा. भन्सार म्हणजे कस्टम, अध्यागमन म्हणजे इमिग्रेशन, प्रहरी म्हणजे पोलीस, एवढे तीन शब्द ओळखता आले की कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते कोणाला विचारावं लागत नाही. आणि विचारावं लागलं नाही की एजंट मागे लागत नाही.

एजंटचं सांगते. सोनौलीला भारताच्या बाजूला काही जण "काठमांडू डायरेक्ट, एसी, व्हिडिओ कोच" म्हणून तिकीट फाडतात, पावती छान छापलेली असते. पलीकडे गेल्यावर जी बस मिळते ती साधी लोकल, आणि कधी कधी तीही नाही. पोखरा, काठमांडू, कुठलंही तिकीट बॉर्डर ओलांडून बेलहिया नाहीतर भैरहवाच्या बस पार्कमध्ये काउंटरवरच काढा. दुसरं म्हणजे "जरा ही पिशवी पलीकडे न्या, माझी बहीण उभी आहे" असं कोणी म्हणालं, अगदी म्हातारी बाई असली तरी, हात जोडून नाही म्हणा. या बॉर्डरवरून सोनं, औषधं, बरंच काही जातं आणि पिशवी ज्याच्या हातात तो पकडला जातो.

आपल्या कोणत्याही जवळच्या राज्यात किंवा नेपाळमध्ये निवडणूक असेल तर मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस बॉर्डर सील करतात. यूपी, बिहारच्या निवडणुकांच्या तारखा बघून मगच तिकीट काढा, हे भल्याभल्या टूरवाल्यांच्या लक्षात येत नाही.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नेपाळ आपल्या पुढे आहे आणि सकाळी सहाची बस आपल्या पावणेसहाला सुटते. शनिवारी तिथे सरकारी ऑफिसं आणि बँका बंद असतात.

स्वतःची गाडी असेल तर

गाडीसाठी भन्सार भरावा लागतो, म्हणजे दिवसाप्रमाणे फी भरून परवाना घ्यायचा. आरसी, लायसन्स, पीयूसी, विमा सगळं ओरिजिनल. गाडी तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं सहीचं पत्र. वर्षात एकूण ३० दिवसांपर्यंतच गाडी ठेवता येते. परवान्यावर तारीख विक्रम संवतातली असते, म्हणजे २०८२, २०८३ असं साल आणि साउन-भदौ असे महिने, त्यामुळे खिडकीवरच विचारून आपली इंग्रजी तारीख पेनाने कडेला लिहून घ्या. मुदत एक दिवसाने चुकली तरी दंड आहे, आणि तारीख न कळल्यामुळे लोक चुकतात. एक दिवस जास्तीचाच घ्या. परवाना परत निघताना दाखवावा लागतो, तो डॅशबोर्डवर उन्हात टाकू नका, शाई उडते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमा. आपली नेहमीची मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळसाठी कंपनीकडून जिओग्राफिकल एक्स्टेन्शन घ्यावं लागतं, थोडा जास्तीचा प्रीमियम भरून एंडॉर्समेंटचा कागद मिळतो. एजंट म्हणेल "अहो काही होत नाही", त्याला म्हणा कागद दे. तिथे अपघातात कोणाला लागलं तर रस्त्यावरच भरपाईची मागणी होते आणि तुमच्यामागे विमा कंपनी नसेल तर सगळं स्वतःच्या खिशातून.

घाटातला रस्ता

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. नेपाळमध्ये आपल्या लोकांचा जीव जातो तो चोरामुळे नाही, पोलिसामुळे नाही, रस्त्यामुळे जातो. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीत कोसळली, त्यात जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळकडचे यात्रेकरू होते, २५ हून जास्त लोक गेले. त्याच्या दीड महिना आधी, १२ जुलैला पहाटे, चितवनमध्ये सिमलतालला दरड आली आणि दोन प्रवासी बस त्रिशूलीत वाहून गेल्या, साठाहून जास्त माणसं होती, बहुतेकांचा पत्ताच लागला नाही. दोन्ही गोष्टी पावसाळ्यातल्या आणि दोन्ही नदीकाठच्या घाटातल्या.

यातून मी काय करते ते लिहिते. जून ते सप्टेंबर या काळात डोंगरातली ट्रिप ठरवतच नाही. श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचंच असेल तर विमानाने काठमांडू आणि परत, मुक्तिनाथ नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे चांगले महिने. कुठल्याही महिन्यात रात्रीचा प्रवास नाही. टूरवाला म्हणतो रात्रीची बस घेतली की हॉटेलचे पैसे वाचतात आणि एक दिवस वाचतो, त्याला सांगायचं की आम्हाला दिवस वाचवायचा नाही. पहाटे लवकर निघून संध्याकाळी पाचपर्यंत मुक्कामी, या हिशोबानेच आखणी करा. भैरहवा ते पोखरा एका दिवसात होतं, पण "त्याच दिवशी पुढे बेनी पण करू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसरं, गोरखपूरहून ठरवलेली मोठी बस सगळीकडे नेऊ नका. मैदानी रस्त्यावर उत्तम चालवणारा ड्रायव्हर नेपाळच्या घाटात नवखा असतो, त्याला वळणं माहिती नसतात, कुठल्या जागी दगड पडतात ते माहिती नसतं आणि सलग चार दिवस तोच एकटा चालवत असतो. पोखऱ्याच्या पुढे तर नक्कीच स्थानिक जीप किंवा छोटी बस घ्या. मोठ्या बसने जायचंच असेल तर दोन ड्रायव्हर आहेत का, टायर कसे आहेत, रात्री ड्रायव्हर कुठे झोपतो, हे विचारायला लाजू नका. टायरच्या खाचेत बोट घालून बघा, गुळगुळीत लागलं तर गाडी बदलून मागा. ड्रायव्हरला पण बसमध्ये नीट झोप मिळत नाही, त्याला खोली द्या, त्याचे पैसे ग्रुपने भरा, माणशी पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न असतो. आणि पुढे बसलेल्या माणसाने ड्रायव्हर फोनवर बोलायला लागला की लगेच सांगायचं. आपल्याकडे संकोच करतात, कोणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात, तसं करू नका.

पोखरा ते जोमसोम विमान पंचवीसेक मिनिटांचं आहे आणि ज्येष्ठांना ते सोयीचं वाटतं, पण वारा सुटतो म्हणून ही विमानं सकाळीच उडतात आणि हवामान जरा बिघडलं की रद्द होतात. २९ मे २०२२ ला याच मार्गावर विमान कोसळून २२ जण गेले, त्यात ठाण्याचं एक कुटुंबही होतं. मी विमान घेऊच नका असं म्हणत नाही, पण रद्द झालं तर "आजच्या आजच न्या" म्हणून कोणावर दबाव टाकू नका. एक रिकामा दिवस हातात ठेवा म्हणजे ती घाई होत नाही.

मुक्तिनाथची उंची

पोखरा समुद्रसपाटीपासून साधारण ८००-९०० मीटर, जोमसोम २,७०० च्या आसपास, मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. पुण्या-मुंबईचा माणूस दोन दिवसांत तिथे पोचतो आणि शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. चढताना एक रात्र तातोपानी किंवा मार्फाला, एक जोमसोम किंवा कागबेनीला काढा, सकाळी मुक्तिनाथ करा आणि झोपायला खाली परत या. वर राणीपौवाला मुक्काम टाळलेला बरा, निदान ज्येष्ठांनी तरी.

राणीपौवाला जीप थांबते, तिथून मंदिरापर्यंत अर्धा तास चढ आहे. घोडे मिळतात. दहा पावलं, थांबा, श्वास, पुन्हा दहा पावलं, असं गेलं तर बहुतेक सगळे पोचतात. मंदिरामागे १०८ धारांखालून पळत जायचं आणि मग कुंडात डुबकी मारायची अशी पद्धत आहे, पाणी बर्फासारखं गार, अगदी हाडात जातं. बीपी, हृदयाचा त्रास, दमा असलेल्यांनी हाताने पाणी शिंपडून घ्यावं, दर्शन तितकंच होतं. ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी कोरडे कपडे, टॉवेल, कानटोपी घेऊन एक माणूस कुंडाच्या काठाशी उभा पाहिजे, ओल्या कपड्यात फोटो काढत उभं राहायचं नाही.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. तेवढ्यावर थांबा, वर चढू नका, पाणी प्या. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, बोलण्यात गोंधळ असेल किंवा माणूस सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालू शकत नसेल तर तो क्षण वाट बघण्याचा नाही, तिथूनच जीप करून खाली निघायचं, रात्र असली तरी. रात्रीचा प्रवास नको म्हणाले त्याला हा एकच अपवाद. छोटा ऑक्सिजनचा डबा काही मिनिटं पुरतो, तो इलाज नाही, उतरणं हाच इलाज. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यायची का ते घरच्या डॉक्टरला विचारून ठरवा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. रोजची औषधं चार दिवस जास्तीची, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत.

मुक्तिनाथचा भाग अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतो, त्याचं परमिट लागतं. सार्क देशांच्या लोकांना, म्हणजे आपल्यालाही, १,००० नेपाळी आणि बाकी परदेशींना ३,००० असा दर आहे, पोखऱ्यातच काढून घ्या, इथे पण फोटो लागतात. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना दोन गोष्टी वाचा, नेपाळ कव्हर आहे का आणि किती उंचीपर्यंत. ट्रेकला जाणाऱ्यांनी हेलिकॉप्टर रेस्क्यूचं पण बघावं, ते फार महाग पडतं.

बंद, आंदोलन झालं तर

२०२५ च्या ८-९ सप्टेंबरला काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, एअरपोर्ट बंद झालं, कर्फ्यू लागला आणि भरपूर भारतीय हॉटेलात अडकले. असं झालं की पहिली इच्छा होते की काहीही करून बॉर्डर गाठू. नका करू. त्या वेळी रस्त्यावर असणं हेच जास्त धोक्याचं. हॉटेलमध्ये थांबा, दोन दिवसांचं पाणी आणि बिस्किटं घेऊन ठेवा, दूतावासाच्या हेल्पलाइनला नावं कळवा, घरी एकानेच रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा. गर्दीचे व्हिडिओ काढायला गॅलरीत उभं राहू नका. तिथल्या राजकारणावर हॉटेलवाल्याशी किंवा ड्रायव्हरशी वाद घालायचा नाही, त्यांचा देश आहे, त्यांची दुखणी त्यांना माहिती. दोन-तीन दिवसांत सहसा कर्फ्यूत ढील मिळते, तेव्हा दूतावासाने सांगितलेल्या नाक्याने निघा.

ओळखपत्र किंवा पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या प्रहरी चौकीत तक्रार आणि तिचा कागद, मग दूतावास. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. घरी पाठवून ठेवलेले फोटो इथे लागतात.

परत येताना

भारताच्या बाजूला कस्टम बॅगा बघतं, खरेदीची बिलं वर ठेवा, ब्लँकेटं-जॅकेटं कोणी विचारत नाही पण नवे इलेक्ट्रॉनिक्स असतील तर विचारतात. सोनौली ते गोरखपूर साधारण शंभर किलोमीटर, अडीच-तीन तास धरा, जाम लागला तर जास्त. ज्या दिवशी बॉर्डर ओलांडायची त्याच रात्रीचं ट्रेनचं तिकीट काढू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा आणि गोरखपूरला एक मुक्काम ठेवा, कारण मुगलिन-नारायणगढच्या बाजूला एक दरड आली तरी अर्धा दिवस जातो आणि मग ड्रायव्हरला घाई करायचा मोह होतो. उरलेले एनसी बेलहियातच बदलून टाका, गोरखपूर स्टेशनवर कोणी घेत नाही आणि मुंबई-पुण्यात तर अजिबात नाही. फक्त आधी टॅक्सीवाल्याचे आणि चहाचे पैसे बाजूला काढा, नाहीतर सगळे बदलून झाल्यावर शेवटच्या रिक्षावाल्याला द्यायला सुट्टे उरत नाहीत.